ग्रेन-फ्रीवाल्यांनो, पोतं उलटं करून वाचा

कळंब्याची लॅबवाली: काल इथं एकानं लिहिलं, "ग्रेन-फ्री, म्हणजे बिनधान्याचं खाणं, परवडत नसेल तर कुत्रं पाळू नका." रात्रभर डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहिते. 'पहिला घटक ताजं चिकन' बघून पोतं उचलता ना? ती यादी शिजवण्याआधीच्या वजनानं लावतात. ताज्या चिकनात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच. तयार दाण्यात ओल उरते १० टक्के. खाली चौथ्या नंबरावर लाजत बसलेलं चिकन मील, म्हणजे चिकन वाळवून केलेली पूड, खरं प्रोटीन बऱ्याचदा त्याचं. आणि तांदूळ काढून वाटाणा, मसूर, बटाटा घातला की पिष्ट जातं का? २०१८ ला अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं, एफडीएनं, अशाच खाण्यावरून कुत्र्यांच्या हृदयविकाराची चौकशी सुरू केली होती. आमची लॅब्रेडॉर रॉयल कॅनिन कंपनीच्या दाण्यावर आहे, मक्या-तांदळासकट. सात वर्षांची झाली, रंकाळ्याला फेरी मारून माझ्याआधी गाडीपाशी उभी असते.

शेफर्डवाला: ताई, तो मीच. डिसेंबर २०२२ मध्ये एफडीएनं नेमानं आकडे देणं थांबवलं आणि कारण सिद्ध झालंच नाही, हे कोण सांगणार? माझं कुत्रं कान खाजवून रक्त काढायचं. फार्मिना कंपनीचं ग्रेन-फ्री चालू केलं, दीड महिन्यात कान साफ. तुमचे टक्के तुमच्यापाशी.

कळंब्याची लॅबवाली: कुठलं घेतलंस? चिकनचं?

शेफर्डवाला: लँबचं.

कळंब्याची लॅबवाली: आणि आधीचं चिकनचं. मग खाज धान्य गेल्यानं थांबली की चिकन गेल्यानं? गव्हाइतकीच चिकनचीही ॲलर्जी असते रे दादा.

पेठेतला: दोघं बी गप बसा. आमच्या आजोबांचा कारवान कुत्रा भाकरी-दुधावर तेरा वर्सं जगला. रविवारी मटण शिजलं की पयली वाटी अळणी, मटणाचं बिनतिखट पाणी, त्याला, मग आमाला. पोतं कसलं आन् काय कसलं!

कळंब्याची लॅबवाली: काका, अळणीत कांदा-लसूण असतो. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूण त्याच कुळातला.

पेठेतला: अळणीत कांदा? कुठल्या गावच्या तुम्ही?

शेफर्डवाला: आमच्यात पडतो. पांढऱ्या रश्श्यात पण.

पेठेतला: पांढऱ्यात कांदा घालणाऱ्यानं ग्रेन-फ्रीवर बोलू नये. काजू, खसखस, तीळ, नारळाचं दूध, संपला विषय.

उत्तरेश्वर: तीळ सगळ्यांच्यात नसतात हां.

पेठेतला: आला आणखी एक.

उत्तरेश्वर: कांदा भाजून नाही, उकडून वाटतात. रंग बदलत नाही. आईला विचारून सांगतोय.

राजारामपुरी: अरे, कुत्र्याचं चाललं होतं ना? मला ग्रेट डेनच्या पिल्लासाठी विचारायचं होतं. दुकानदार म्हणतो, दाण्यावर कॅल्शियमची पावडर पण घाला.

कळंब्याची लॅबवाली: अजिबात नको! मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम दिलं की हाडं वाकडी वाढतात. 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं घ्या आणि पावडर परत करा. मलाही एका दुकानात असंच गळ्यात मारलं होतं, डबा अजून फडताळात आहे.

शेफर्डवाला: ठीकाय ताई. हे पोतं संपलं की लँबचंच आणतो, पण धान्याचं. फार्मिनात ते पण मिळतं. कान खाजला तर कुत्रं तुमच्या दारात बांधणार.

कळंब्याची लॅबवाली: बांध. पोतं पण सोबत आण.

पेठेतला: तिळाचं काय ठरलं मग?