मदत हवी आहे: १,१०-डिकेनडायॉलच्या एकाच टोकाला ब्रोमीन लावायचे आहे

डायॉल (दोन्ही टोकांना -OH गट असलेले) १७.४ ग्रॅम (एरंडेलाच्या सेबॅसिक आम्लापासूनचे, ७२ ते ७५ अंशांना वितळणारे), ४८ टक्के हायड्रोब्रोमिक आम्ल १३.५ मिली, टोल्युइन २०० मिली. डीन-स्टार्क (उकळताना निघणारे पाणी वेगळे काढणारे उपकरण) लावून रिफ्लक्स (वाफ थंड करून परत आणत उकळणे). हवे आहे १०-ब्रोमोडिकेनॉल (एकाच टोकाला ब्रोमीन, म्हणजे मोनोब्रोमाइड), पुढे किडींच्या फेरोमोनसाठी (किडी एकमेकींना संदेश देतात ते गंधद्रव्य).

टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करून पाहण्याची चाचणी) डायब्रोमाइडचा (दोन्ही टोकांना ब्रोमीन लागलेल्याचा) वरचा ठिपका फार लवकर उमटतो, आणि खाली डायॉल उरलेलेच. खरे तर मोनोब्रोमाइड टोल्युइनमध्ये जाऊन आम्लापासून वाचायला हवे. पाणी निघत गेले की आम्ल तीव्र होते, तिथेच घोळ असावा असा अंदाज. उरलेले डायॉल थंड हेक्सेनमध्ये गाळून वेगळे होते, ती अडचण नाही.

डीन-स्टार्क काढून टाकावे का? टोल्युइनऐवजी सायक्लोहेक्सेन किंवा हेप्टेन घेऊन कुणी केले आहे? उतारा किती आला, तेही सांगा.