मदत हवी आहे : ट्रॅक्टरच्या इंजिनात फक्त मधल्या रॉडचेच बेअरिंग का जळाले असावे?

नमस्कार. आमच्या तीन सिलिंडरच्या डिझेल ट्रॅक्टरला रोटाव्हेटरचा भार आला की इंजिनाच्या खालच्या अंगाने जाड ठोका ऐकू येत होता, आणि इंजिन तापल्यावर मंद गतीत ऑइलचा दिवा लुकलुकत होता. चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) उतरवून पाहिले, तर मधल्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगच्या वरच्या शेलवरचा, म्हणजे वरच्या अर्धगोल पट्टीवरचा, करडा थर पुसला जाऊन तांबे उघडे पडले आहे, कडेला तो थर वितळून पसरल्यासारखा चकचकीत दिसतो आणि क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या भागाला रॉड जोडलेला असतो त्यावर) निळसर पट्टा उमटला आहे. बाकी दोन्ही रॉडची बेअरिंगे जवळजवळ नव्यासारखी आहेत.

ओरखडे फारसे नाहीत, त्यामुळे नुसत्या कचऱ्याने ही झीज झाली असे वाटत नाही. तेलाचा थर तुटून धातूवर धातू घासल्याची ही खूण आहे. मात्र तेलात डिझेल उतरले असते किंवा पंपच कमजोर झाला असता, तर सगळ्याच बेअरिंगांवर थोडाफार परिणाम दिसायला हवा होता. इथे त्या पिनला ज्या मेन बेअरिंगमधून (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगमधून) तेल मिळते, तेवढ्याच मेनचे खालचे शेल घासले आहे. त्या मेनची वरची-खालची शेल बसवताना अदलाबदल झाली असती, तर तेलाचे छिद्र बंद होऊन इंजिन काही मिनिटांतच जाम झाले असते. आमचे तर मागच्या दुरुस्तीनंतर दोन हंगाम चालले.

माझा संशय वेगळा आहे. पंपाच्या जाळीवर गॅस्केटला लावलेल्या सिलिकॉनचे काळे, शेवयांसारखे धागे अडकलेले सापडले. दोनदा तेल बदलूनही फिल्टर तोच ठेवला होता, ही आमची चूक. फिल्टर तुंबला की बायपास व्हॉल्व्ह उघडून तेल न गाळताच पुढे जाते. त्याच वाटेने एखादा धागा त्या मेनच्या तेलवाटेत जाऊन बसला असेल का?

मेकॅनिक म्हणतात, पिन पॉलिश करून नवीन शेल टाकू. कारण हाती लागल्याशिवाय नवीन बेअरिंग घालायला माझे मन धजत नाही. ब्लॉक आणि क्रँकमधील तेलाची छिद्रे तार आणि हवेच्या दाबाने साफ केली, तर ती पूर्ण मोकळी झाल्याची खात्री कशी करावी? निळी पडलेली पिन ०.२५ मिमी ग्राइंड करून चालेल, की आधी तडे आणि कठीणपणा तपासून घ्यावा? पेरणीला अजून तीन आठवडे आहेत, त्यामुळे क्रँक बाहेर काढायला वेळ आहे.