नोटीस लावायच्या आधी एकदा वाचा हो

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गेटवरच्या इंग्रजी नोटिशीचा फोटो टाकलाय. गाड्या गेटसमोर 'स्टेशनरी' ठेवू नयेत असं लिहिलंय. बघून घ्या, संध्याकाळी लावतो.

ए-१०४: काका, गेटसमोर वह्या-पेन्सिली कोण ठेवतं? 😄

सेक्रेटरी: म्हणजे?

ए-१०४: शेवटी ई-आर-वाय झालंय. उभ्या गाडीला ए-आर-वाय लागतं.

सेक्रेटरी: अरे, पण कॉम्प्युटरने लाल रेघ कुठे दाखवली?

बी-३०२: बऱ्याचदा नाहीच दाखवत. दोन्ही शब्द डिक्शनरीत आहेत, त्याला तुमची गाडी काय माहीत!

सी-५०१: बाई, आम्हाला शाळेत पेनमधला ई आणि कारमधला ए असं घोकवलं होतं. अजून विसरलो नाही.

बी-३०२: छान आहे की. पण दोन्ही एकाच घरातले शब्द. पूर्वी युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ. एका जागी दुकान थाटून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर, आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. बेकर-बेकरी तसंच. ई-आर आधीपासून आहेच, वाय तेवढा जोडायचा.

सी-४०३: टँकर आला का?

सेक्रेटरी: दुपारी.

डी-२०१: बाई, आमचा दहावीतला प्रिन्सिपलमध्ये हमखास गडबडतो. ए-एल की एल-ई?

सी-५०१: वहिनी, हे बँकवाल्याला विचारा! कर्जाचं मुद्दल ए-एल. व्याज मागून येतं, मुद्दल मुख्य. कॉलेजचे प्राचार्यही मुख्यच, म्हणून तेही ए-एल. एल-ई म्हणजे फक्त तत्त्व.

ए-१०४: मुळात एका उच्चाराला दोन-दोन स्पेलिंगं ठेवलीच कशाला? छळ नुसता.

बी-३०२: उच्चार एक नव्हताच रे. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के पूर्वी खरंच म्हणत असत. मांसाचा 'मीट' आणि भेटण्याचा 'मीट' यांचे स्वरही वेगळे होते. १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, पुढे छापील स्पेलिंगं हळूहळू घट्ट झाली. जिभा मात्र बदलत राहिल्या. उलटंही झालंय. पीठ आणि फूल, दोन्ही 'फ्लॉवर', मूळचा एकच शब्द. दळणातला उत्तम भाग तो त्याचं फूल. स्पेलिंगं नंतर वेगळी झाली.

ए-१०४: हे भारी आहे 👌

बी-३०२: आणि छळ म्हणतोस, तर मराठीत शिर आणि शीर बोलताना किती जण वेगळं म्हणतात? लिहिताना मात्र एक डोकं, दुसरी रक्तवाहिनी.

डी-२०१: मग जोड्यांचे तक्ते करून देऊ का त्याला?

बी-३०२: मुळीच नको. दोन सारखे शब्द शेजारी ठेवून पाठ केले की पेपरात दोन्ही एकदमच आठवतात. एक शब्द घ्या, त्याची चार वाक्यं लिहून घ्या. तो पक्का बसला की मग दुसरा. शिवाय आपल्याकडच्या काही जोड्या आपणच तयार केल्यात. ओला तो 'वेट' आणि जनावरांचा डॉक्टर तोही 'वेट'. इंग्रजांना ते सारखे ऐकू येत नाहीत. डॉक्टरच्या व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, ओल्याच्या डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो. आरशासमोर करून बघायला सांगा.

सेक्रेटरी: बाई, मग नोटिशीत ए-आर-वाय करू ना?

बी-३०२: करा. नाहीतर सरळ मराठीत 'गेटसमोर गाडी लावू नये' लिहा. टेम्पोवाल्यांनाही वाचता येईल.

सेक्रेटरी: मराठीतच लावतो 🙏

डी-२०१: बाई, संध्याकाळी पाठवू का त्याला?

बी-३०२: सातनंतर पाठवा, वही घेऊन. बेल बिघडलीये, दार वाजवायला सांगा.