शब्दचर्चा: बॉल कॉक, बॉल व्हॉल, तोटी, चावी... दुकानात नक्की काय मागायचं?

मंडळी, एक शब्द अडलाय. गच्चीवरच्या टाकीतून घरात येणाऱ्या लाईनवर मेन कॉक असतो ना, पितळी, वर लाल चाकवाला, तो आमचा बंदच होईना, चाक फिरतंय फिरतंय आणि खाली बेसिनला करंगळीएवढी धार चालूच. म्हणून दुकानात जाऊन ऐटीत म्हटलं पाऊण इंची बॉल कॉक द्या, तर काकांनी दांडीला लावलेला प्लास्टिकचा फुगा काढून काउंटरवर ठेवला. टाकी भरली की पाणी बंद करतो तो! मला हवा होता त्याला बॉल व्हॉल म्हणतात म्हणे. मग कॉक कुठला नि व्हॉल कुठला? आणि मराठीत काही शब्द आहे की नाही?

---

फुगा :) आमचा प्लंबर तर 'वॉल' म्हणतो. "वॉल बदलायला लागेल" ऐकून सासूबाई म्हणाल्या, अहो भिंत कशाला पाडताय!
तुमचा चाकवाला तो गेट व्हॉल. आत पाचरीसारखी चकती खाली उतरते, बोअरच्या पाण्याचे क्षार साचले की ती नीट टेकत नाही, मग चाक कितीही आवळा. बॉलवाल्यात आरपार भोक असलेला गोळा असतो, दांडी पाव फेरा फिरवली की काम झालं. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, अंधारातही हाताला कळतं. मी तरी तोच घेईन. चाकवालाच हवा असेल तर आयएस ७७८ चा (म्हणजे अशा पितळी व्हॉलसाठीच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून घ्या.

---

शब्द आहे की, झडप. शाळेत हृदयाच्या झडपा शिकलोय सगळे. पण "पाऊण इंची झडप द्या" म्हटलं तर दुकानदार घार आली का बघायला वर बघेल.
तोटी इथे चालणार नाही, कारण तोटी म्हणजे पाणी जिथून बाहेर पडतं ते तोंड. झारीला असते ती. बळीराजाच्या झारीत शुक्राचार्य जाऊन बसले ते तोटीतच, म्हणजे तसं बघितलं तर पहिला शटऑफ व्हॉल तेच, आणि दर्भाने डोळा गेला तो मेंटेनन्समध्ये.

---

मुंबईत 'चावी' म्हणा ना. रस्त्यातला व्हॉल फिरवून एरियात पाणी सोडतो तो पालिकेचा माणूस चावीवालाच. वस्तूला नाही तर निदान माणसाला तरी मराठी नाव मिळालं.

---

आणला एकदाचा. परत गेलो तर काकांनी विचारलं, पाइप जीआय (लोखंडी) का सीपीव्हीसी (प्लास्टिकचा), म्हणजे आट्याचा देऊ का चिकटवायचा? हे मला कोणीच सांगितलं नव्हतं! फोटो दाखवला, आट्याचा निघाला, टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला, धार बंद.
आणि शब्दाचं म्हणाल तर आईने तासाभरात सोडवला. त्या लाल दांडीला ती कान म्हणते. "गावाला जाताना मेनचा कान पिरगळ रे."