दिल्ली-आग्रा-जयपूर, पाच दिवस, स्वतंत्र गाडी: आईचे गुडघे सांभाळून जमेल का?

मुग्धा_नाशिक

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन दिल्ली, आग्रा, जयपूर करायचा विचार आहे. बाबा ७२, आई ६८. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती स्वयंपाकघरात निघून जाते. सपाटीवर अर्धा तास आरामात चालते. जिना मात्र कठडा धरून, एकेक पायरी. बाबांचं उलटं. त्यांना प्रत्येक पाटी वाचायची असते, हिंदीतली आणि इंग्रजीतलीसुद्धा, दोन्हींत फरक सापडला तर आम्हाला बोलावून दाखवायचा असतो. म्हणजे एकीला बसायचंय, एकाला हलायचं नाही, आणि मध्ये मी आणि माझा नऊ वर्षांचा मुलगा.

म्हणून ग्रुप टूर नको, स्वतंत्र गाडी घेऊ असं ठरवलं. एजंटाने दिलेला कार्यक्रम असा: गुरुवारी सकाळी दिल्लीत उतरायचं, विमानतळावरूनच इनोव्हा, त्याच दिवशी लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट. शुक्रवारी पहाटे निघून आग्रा, ताज आणि किल्ला. शनिवारी फत्तेपूर सिक्री करून जयपूर. रविवारी आमेर, हवामहाल, जंतरमंतर, सिटी पॅलेस. सोमवारी परत दिल्ली, राहिलेलं काही बघून रात्रीचं विमान. चौघांचे ७२ हजार, विमान सोडून.

हे जमण्यासारखं आहे का? आणि गाडीवाल्याशी आधी काय काय बोलून घ्यावं?

पायाला_भिंगरी

शुक्रवारी ताजमहाल बंद असतो!! दर शुक्रवारी. आणि सोमवारी लाल किल्ला बंद. तुमच्या एजंटाने कॅलेंडर न बघताच कागद छापलाय.

बाकी वयस्कर माणसांसोबत ग्रुप टूरच बरी हे माझं मत. निदान टूर मॅनेजर तरी धावपळ करतो. फक्त रोज सकाळी साडेपाचला बॅगा खोलीबाहेर ठेवायची तयारी हवी.

निवृत्त_कॅशियर

मुग्धाताई, शुक्रवारचं भिंगरींनी सांगितलं ते बरं झालं, नाहीतर माझा अर्धा प्रतिसाद त्यावरच खर्च झाला असता.

आम्ही दोघं, मी आणि सौ., मागच्या फेब्रुवारीत साताऱ्याहून जाऊन हीच सहल केली. स्वतंत्र गाडी, चार रात्री. तेव्हा मला एक गोष्ट कळली: गाडी आपण भाड्याने घेतो, पण वेळ आपण भाड्याने घेतलेला नसतो. तो ड्रायव्हरकडेच राहतो, आणि ड्रायव्हरचं गणित वेगळं असतं.

आग्र्याला पोचलो दुपारी चारला. मी पैसे भरताना एजन्सीला बजावून सांगितलं होतं की मला ताजपेक्षा किल्ल्यात जास्त रस आहे. आमच्या भागातला माणूस आग्र्याला कशाला जातो हो? ड्रायव्हर म्हणाला, सर, रस्त्यातच आहे, पाच मिनिटं फक्त कारागीर बघा, खरेदीची सक्ती नाही. कारागीर होते, नाही असं नाही. दोघं जण दारात बसून सहाणेवर दगड घासत होते. त्यानंतर आम्हाला आतल्या दालनात नेलं, चहा दिला, दिवे घालवले आणि एका संगमरवरी ताटाखाली टॉर्च लावला. पांढरा दगड दुधासारखा उजळला आणि फुलांतला लाल अकीक निखाऱ्यासारखा दिसायला लागला. खरं सांगतो, सुंदर होतं. मग किंमत सांगितली. सौ.ने विचारलं, "यावर गरम पातेलं ठेवलं तर चालेल का?" विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण तोही कसलेला. त्याने छोटी ताटं काढली, मग पेढ्याच्या डब्या, मग चाव्यांच्या साखळ्या. बाहेर पडलो तेव्हा एक तास वीस मिनिटं गेली होती. किल्ल्याच्या तिकीट खिडकीशी पोचलो तर ती बंद. किल्ला सूर्योदय ते सूर्यास्त, आणि खिडकी त्याच्या आधी मिटते. साताऱ्याहून एवढं जाऊन आम्ही अमरसिंग दरवाज्यासमोर उभे, समोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा, आणि आत जायला नाही. मी पुतळ्याकडे बघायचं टाळलं.

तेव्हा पहिली अट लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर तरी: आम्ही सांगितल्याशिवाय कुठल्याही दुकानापाशी गाडी थांबणार नाही. ड्रायव्हरवर राग धरू नका, त्याला दुकानातून कमिशन मिळतं आणि पगार बेताचा असतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, भाऊ, तुला एका दुकानात जेवढे सुटत असतील तेवढे मी देतो, पण आजपासून दुकान बंद. तो हसला. पुढचे तीन दिवस त्याच्यासारखा चांगला माणूस नव्हता.

पैशांचं बोलताना एवढं विचारा: टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्यात शिरायचा कर आणि ड्रायव्हरचा रात्रभत्ता ७२ हजारांत आहे की वर? किलोमीटरची रोजची मर्यादा किती? गाडीला टॅक्सीची पिवळी नंबरपाटी आहे ना? गाईड वेगळा असेल तर त्याच्या गळ्यात सरकारी ओळखपत्र बघा. फत्तेपूर सिक्रीच्या पार्किंगपासून जे मागे लागतात त्यांच्याशी बोलूच नका. दर्ग्यावर चादर चढवण्यावरून भोळ्या माणसाचे खिसे रिकामे होतात.

आता आईंविषयी. ताजच्या बाहेर बरंच आधी पेट्रोल-डिझेलच्या गाड्या थांबवतात, तिथून बॅटरीच्या गाडीने दारापर्यंत जाता येतं. तिकीट आपल्याला ५० रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर चढायचं असेल तर आणखी २००. आईंचं ते २००चं काढू नका. वर जायला जिना आहे, आत अंधार आणि गर्दी, आणि दिसतात त्या खऱ्या कबरी नव्हेतच, खऱ्या खाली तळघरात आहेत. बागेच्या मधल्या हौदाजवळ बाकं आहेत, तिथून ताज जसा दिसतो तसा वर गेल्यावर दिसत नाही. खाण्याचं काही नेऊ नका. सौ.च्या पिशवीतले डिंकाचे लाडू तपासणीत सापडले. महिला पोलिसाने एक हुंगून बघितला, "ये क्या है माताजी?" म्हणाली आणि सगळे बाहेर ठेवायला लावले.

किल्ल्यात दारातून आत गेल्यावर पायऱ्या नाहीत, दगडी चढ आहे. सावकाश चढता येतो. दिवाण-ए-आम सपाटीवर आहे, आई तिथे बसू शकतील. बाबांना मात्र वर दिवाण-ए-खासच्या गच्चीवर न्याच. बरेच गाईड दिवाण-ए-आममध्येच उभं करून महाराजांची गोष्ट सांगून मोकळे होतात. पण आमेरच्या कारकुनांची त्या वेळची राजस्थानी पत्रं आहेत, त्यांत १२ मे १६६६ला महाराज पोचेपर्यंत दरबार दिवाण-ए-खासमध्ये हलला होता असं आहे. तिथून शहाजहानच्या कैदेचा मुसम्मन बुरुज जवळच. त्याच वर्षी जानेवारीत शहाजहान याच किल्ल्यात कैदेत मेला. म्हणजे बापाची कैद संपून चार महिने होत नाहीत तोच औरंगजेबाने तिथे दरबार भरवला होता. हे दुसऱ्या दिवशी आत जाऊन त्या गच्चीवर उभं राहिल्यावर लक्षात आलं, त्याआधी या दोन तारखा माझ्या डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या.

आणि बाबांना पाट्या वाचायची हौस आहे म्हणून एक धागा देतो, तो एका पाटीवर मिळणार नाही. ताज ज्या जमिनीवर आहे ती जमीन मिर्झाराजे जयसिंगांची. तिथे त्यांच्या पणजोबांची, मानसिंगांची, हवेली होती. शहाजहानने तिच्या बदल्यात त्यांना आग्र्यात चार हवेल्या दिल्या. हेच मिर्झाराजे पुढे १६६५ला पुरंदरावर चालून आले आणि तहात २३ किल्ले गेले. आग्र्यात महाराजांची जबाबदारी ज्याच्यावर होती तो रामसिंग त्यांचा मुलगा. आणि जयपूरला तुम्ही आमेरचा जो शीशमहाल बघणार तोही मिर्झाराजांनीच बांधलेला. मुमताज बुऱ्हाणपूरला गेली, १६३१ला. मिर्झाराजेही तिथेच गेले, १६६७ला. आम्ही आरसे बघत होतो आणि सौ. म्हणाली, "पुरंदरच्या तहावर सही करणारा माणूस या खोलीत झोपायचा?" मी म्हटलं, असेल.

थोडक्यात, दिल्लीचं त्या पहिल्या दिवसाचं लचांड काढून टाका.

दिल्लीतली_सून

कॅशियरकाका, शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य! सतरा वर्षं इथे राहते, दिल्लीला लचांड कसं म्हणता?

पण मुग्धा, एका दिवसात ती चार ठिकाणं नकोच. हुमायूनची कबर घे, बाग सपाट आहे, आई खाली बसतील, मुलगा पळेल. बाबांना इतिहासाची आवड असेल तर लाल किल्ला. तिथल्या दिवाण-ए-खासचं छत बघायला सांग. १७६०ला सदाशिवरावभाऊंनी तिथली चांदी उतरवून वितळवली, फौजेच्या पगाराला पैसे नव्हते. पुढच्या जानेवारीत पानिपत. मी माहेरच्या पाहुण्यांना घेऊन गेले की त्या छताखाली आवाज आपोआप खाली येतो. दुपारचं जेवण कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात घे, तिथे बाबांना भाकरी मिळाली की संध्याकाळपर्यंत तक्रार नाही.

खरी अडचण डिसेंबरची आहे. शेवटचा आठवडा आणि पूर्ण जानेवारी म्हणजे धुकं. पहाटे पाचला यमुना एक्स्प्रेसवेवर निघायचं म्हणजे समोरच्या ट्रकचा लाल दिवा बघत जायचं. हिवाळ्यात तिथली वेगमर्यादाही ७५वर आणतात. माझे सासरे एकदा सकाळी सातला ताजच्या दारात होते, समोर नुसता पांढरा पडदा, ताज अकराला उगवला. विमानंही रखडतात. शिवाय प्रदूषण वाढलं की जुन्या डिझेल गाड्या दिल्लीत बंद करतात, तेव्हा गाडी बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांची आहे ना हे एजंटाला विचार. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा जमत असेल तर सोनं. मुलाची एखादी चाचणी बुडली तर बुडू दे.

आग्र्याला गाडीनेच जायला हवं असंही नाही. निझामुद्दीनहून सकाळची गतिमान एक्स्प्रेस आहे, १०० मिनिटांत आग्रा. फक्त तीही शुक्रवारी धावत नाही. गाडीवाल्याला सामान घेऊन पुढे पाठवून आग्रा कँटला बोलवायचं. आईंचे पाय गाडीत तीन-चार तास दुमडून ठेवण्यापेक्षा बरं.

पायाला_भिंगरी

जयपूरसाठी: आमेरला हत्तीवर बसायचं नाही, त्या प्राण्याचे हाल बघवत नाहीत. जीप वरपर्यंत जाते. हवामहाल रस्त्यावरूनच बघा, सकाळी, तोंड पूर्वेला आहे. आत जायचंच असेल तर आईंना आनंदाची बातमी, वरच्या मजल्यांवर जायला जिन्याऐवजी उतरण आहे. जंतरमंतरमध्ये मात्र डोक्यावर ऊन, सावली नाही. पण मुलाला सम्राट यंत्राची सावली सरकताना दाखवा, २७ मीटर उंच घड्याळ आहे ते. २ सेकंदांपर्यंत वेळ सांगतं, माझ्या मोबाइलशी लावून बघितलं होतं, त्यासाठी रेखांशाचा फरक धरावा लागतो.

सिटी पॅलेसचं तिकीट वेगळं, बाकीच्यांचं एकत्र मिळतं.

मुग्धा_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मिर्झाराजांपर्यंत आल्यावर बाबा उठले आणि माळ्यावरची पेटी काढायला लागले. आई म्हणाली, "आता हे पुस्तकं घेऊन प्रवास करणार."

नवीन बेत: फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. रविवारी दुपारी दिल्ली, फक्त हुमायूनची कबर. लाल किल्ला सोडला, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी सकाळी गतिमान, दुपारी आग्र्याचा किल्ला सगळ्यात आधी. मंगळवारी सकाळी ताज आणि आग्र्यातच दुसरा मुक्काम. बुधवारी सिक्रीमार्गे जयपूर. गुरुवार-शुक्रवार जयपूर, आणि शनिवारी तिथूनच पुण्याचं विमान, परत दिल्ली नाही. एजंट म्हणतो गाडी रिकामी परत जाईल त्याचे चार हजार वेगळे. दिले. दुकानांचं वाक्य त्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्याचा नुसता अंगठा आला.

मंगळवारची दुपार आग्र्यात मोकळी राहते. आईला झेपेल असं काही?

निवृत्त_कॅशियर

अंगठा पुरे नाही, "ओके" लिहून घ्या.

मंगळवारी दुपारी यमुनेच्या पलीकडे इतमाद-उद-दौला. नूरजहानने आपल्या बापासाठी बांधलेली कबर, ताजच्या आधीची. पूर्ण संगमरवरी, छोटी, जवळून बघता येते, गर्दी नाही. मागे नदीकडच्या कठड्यावर सावली असते. आम्ही तिथे दीड तास बसलो, आणि बाहेर ठेवायला लावलेले ते डिंकाचे लाडू शेवटी पार्किंगमध्ये ड्रायव्हरसोबत संपवले.

दिल्लीतली_सून

काका, दिल्लीला लचांड म्हटल्याबद्दल माफी मागायची राहिली आहे.

निवृत्त_कॅशियर

लाल किल्ला मी सोमवारी गेलो होतो.