'लागेबांधे' वाईटच असतात का?

गोदाकाठ : अंबडच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरांसाठी नैतिक नेतृत्वावरची पुस्तिका मराठीत करतेय. साहेब सचोटीने वागेल की नाही, हे त्याच्या स्वभावाइतकंच कामावरच्या नात्यागोत्यांवर ठरतं, असं एक वाक्य आहे. मी 'लागेबांधे' लिहिलं. तपासणाऱ्यांनी खोडून 'सामाजिक संजाल' केलं, कारण म्हणे लागेबांधे म्हणजे भ्रष्टाचार. आमची आजी तर 'मायेचे लागेबांधे' म्हणायची!

सातपूरकर : संजाल शॉपवर, म्हणजे मशीनवर काम चालतं तिथे, कुणाला कळणार? तिथे 'त्याची वर ओळख आहे', नाहीतर 'त्याचं वजन आहे'. पण लागेबांधेही नको. पेपरात तो शब्द आता धाडीच्या बातमीतच दिसतो.

अक्षरवेल : पेपरवाल्यांनी नासवला म्हणून शब्द सोडून द्यायचा? आणि नवा हवाच असेल तर 'संबंधजाल' करा. 'महापौर'सुद्धा घडवलेलाच शब्द, रुळला ना?

सातपूरकर : महापौर एकच असतो, त्याची पाटी असते. इथे तसं नाही. आमच्या शॉपमध्ये शिफ्ट संपताना माप तपासायचं गेज न लावताच रजिस्टरात 'ओके' पडायचं. फोरमन स्वतः एक पैसा न खाणारा. पण माल तपासणारा इन्स्पेक्टर त्याचा साडू, त्याला बोलणार कोण? शेवटी टूलरूमचा एक म्हातारा फिटर बोलला. दोघंही त्याच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून ऐकलं. झाकणारं नातंच आणि थांबवणारंही नातंच. या दोन्हीला पुरेल असा एक शब्द सांगा.

गोदाकाठ : अगदी हेच! व्यवस्थापनाचे अभ्यासक डॅनिएल ब्रास आणि सहकाऱ्यांच्या १९९८ च्या शोधनिबंधातही हीच मांडणी आहे. घट्ट नातं असलं की फसवायला मन धजत नाही, पण त्याच विश्वासामुळे फसवायची संधीही मिळते. म्हणून तर मला लागेबांधे हवाय.

निफाडची : झाकणाऱ्याला 'साटेलोटे' म्हणा. मूळ अर्थ लग्नाचा, त्यांची मुलगी आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. एका घरात सुनेला त्रास झाला की दुसऱ्या घरातही भोगावं लागायचं. तोंड बंद ठेवायची व्यवस्थाच ती.

अक्षरवेल : साटं म्हणजे अदलाबदल, हे ठीक. 'लोटे' कुठून आलं?

सातपूरकर : लोटा असेल. देण्याघेण्याची भांडी.

अक्षरवेल : काहीही! नुसता जोडशब्द आहे, 'शेजारीपाजारी'सारखा.

निफाडची : आमच्याकडे नुसतं 'साटं केलं' म्हणतात, लोटे लावतच नाहीत. सिन्नर, येवल्याकडे काय म्हणतात?