अनुभव सांगा: अ‍ॅपवर अचानक भेटलेला कलाकार

पूर्वी नवा गायक कळायचा तो कॅसेटच्या दुकानात, नाहीतर रात्री उशिरा रेडिओवर. आता एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होतं. बरंचसं कानावरून जातं, पण कधीतरी हातातलं काम थांबतं आणि आपण नाव बघायला उठतो. ते सांगा. नुसती नावांची यादी नको. कुठे होतात, काय करत होतात, पुढे त्या कलाकाराचं काय शोधलंत ते लिहा. माझ्यापासून सुरुवात करते.

2022 चा मे महिना. संध्याकाळी कणीक मळत होते, फोन ओट्यावर. मेहदी हसन यांच्या गझला संपल्या आणि अ‍ॅपने पुढचं काहीतरी लावलं. शब्द ओळखीचे, हफीज होशियारपुरींची 'मोहब्बत', मेहदी हसन यांच्यामुळेच पाठ झालेली. पण इथे तबला नव्हता, सारंगी नव्हती. गिटारच्या तारा सावकाश वाजत होत्या आणि एका बाईचा खालचा आवाज शेर इतका ठेहरावाने म्हणत होता की दोन ओळींच्या मध्ये माझेही हात थांबले. कणकेचं बोट लागू नये म्हणून मनगटाने स्क्रीन सरकवली: अरूज आफताब. 'व्हल्चर प्रिन्स', 2021 चा अल्बम. रात्री जेवणं आटोपल्यावर तिच्याबद्दल वाचत बसले. हा अल्बम तयार होत असताना तिचा धाकटा भाऊ गेला, अल्बम त्यालाच अर्पण केलेला आहे. याच गाण्यासाठी महिनाभरापूर्वी तिला ग्रॅमी मिळालं होतं, पाकिस्तानी गायिकेला मिळालेलं पहिलं. मला मात्र ती आधी कणीक मळताना भेटली, याचा आजही आनंद वाटतो.

मडगावहून
आमच्या आजीचं शिक्षण पोर्तुगीज शाळेत झालं. तिच्यासाठी मी आमालिया रॉद्रिगिश या पोर्तुगीज गायिकेचे फादो, म्हणजे तिकडची विरहगीतं, लावून ठेवतो. एका दुपारी त्यांच्या मागून वेगळंच गाणं सुरू झालं, फादोसारखं उदास, पण डोलणारं. आजी सुपारी कातरत होती. तिचा आडकित्ता अर्धा उघडाच राहिला. "ही पोर्तुगीज न्हय, पण म्हाका कळटा," म्हणाली. ती होती सेझारिया एव्होरा, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांची. भाषा तिथली क्रिओल, पोर्तुगीजमधून घडलेली; गाण्याचा प्रकार तिथलाच, मोर्ना. पन्नाशीत पोचल्यावर, 1992 च्या 'मिस पर्फुमादो' या अल्बमने तिचं नाव जगभर झालं. मंचावर ती अनवाणीच उभी राहायची. आपला गोवा पोर्तुगिजांपासून 1961 ला मोकळा झाला, ती बेटं 1975 ला. माणसं बोटीने दूर गेल्याचं दुःख दोन्हीकडच्या गाण्यांत आहे, मांडो ही गोव्याची गाणी ऐकत वाढलेल्या आजीला ते समजावून सांगावं लागलं नाही. 2011 मध्ये एव्होरा गेली हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.

पुण्याहून
माझा अनुभव थोडा व्यवहारी. स्पॉटिफाय 2019 मध्ये भारतात आलं तेव्हापासून त्याने दर सोमवारी सुचवलेली तीस गाणी नेमाने ऐकतो. आपल्या आवडीचं गाणं ज्यांच्या याद्यांत आहे, त्यांच्या याद्यांत आणखी काय आहे हे बघून ती निवडली जातात. म्हणून मुलीची बडबडगीतं वेगळ्या खात्यावर लावा, आणि आवडलेलं गाणं नुसतं ऐकून सोडू नका, जपून ठेवा. मालीच्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांचा तिनारिवेन हा गट मला असाच मिळाला. त्यांची गिटार ऐकताना उंटाची चाल डोळ्यांपुढे येते.

सांगलीहून
मी पेटीची साथ करतो. गाण्यांच्या एका अ‍ॅपवर एका मैफलीचं ध्वनिमुद्रण सापडलं, तबल्याचा बाज असा की तीनदा मागे जाऊन ऐकलं. वादकाचं नाव कुठेच नाही, फक्त गायकाचं. दोन महिने जुन्या जाणकारांना विचारत होतो, तेव्हा नाव कळलं. कॅसेटच्या कागदावर निदान साथीदार छापलेले असत. नाव नसेल तर नवा कलाकार सापडला असं म्हणायचं तरी कसं? कृपया साथीची नावं माहीत असतील तिथे लिहीत जा.

टोरंटोहून
माझी मुलगी इथेच जन्मली. मराठी समजते, बोलायला संकोचते. एकदा गाडीत तिनेच लावलेल्या रॅपच्या यादीत मधेच मराठी ऐकू आलं! मुंबईचा 'स्वदेसी' हा गट, सोबत मुंबईच्या आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर, गाणं 2019 चं 'द वारली रिव्हॉल्ट'. तिने विचारलं, "बाबा, आरे कुठे आहे?" मी गोरेगावचा. शाळेची सहल छोटा काश्मीरला जायची ती त्याच आरेत. तिथे वारली पाडे आहेत हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. घर आलं तरी आम्ही गाडीतच बसून होतो. ती एकेक ओळ थांबवायची, मी अर्थ सांगायचो. दोन शब्द मलाही आले नाहीत, ते लिहून ठेवलेत.

पुन्हा धागाकर्ती
मडगावकर, आजींना आता मायरा आंद्रादे ऐकवा. तीही केप व्हर्दच्याच घरातली, पुढच्या पिढीची. आडकित्ता थांबला का ते नक्की कळवा.